चवड्याखालची थंडी

फिनलंडमधलं औलू शहर 65 अंश उत्तर अक्षांशावर, बॉथनियाच्या आखाताच्या काठी आहे. हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली 20 अंशांवर जातो, तरी लोक सायकलवरून कामाला निघतात. मेट्सोकांगास शाळेच्या आवारात बर्फात ओळीने लावलेल्या सायकलींचे फोटो तर जगभर फिरले. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013मध्ये भरली, तीही इथेच.

अशा थंडीत रोज सायकल चालवणाऱ्यांच्या पायांत सहसा सायकलिंगचे खास बूट नसतात. साधे, जरा ढगळ, आतून अस्तराचे बर्फातले बूट, लोकरीचे मोजे आणि खाली सपाट पेडल, एवढंच.

पाय गारठले की बहुतेक सायकलस्वार नेमकं उलटं करतात. मोज्यावर मोजा चढवतात आणि पाय त्याच मापाच्या बुटात कोंबतात. बोटं आवळली जातात, रक्त पुढे सरकत नाही आणि पाय आणखी गार पडतात. मोजा स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब येते ती रक्तातून, मोजा ती फक्त धरून ठेवतो आणि त्यासाठी बुटात हवेला जागा लागते. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. म्हणून हिवाळ्याचा बूट थोडा मोठाच घ्यावा.

चालणाऱ्यापेक्षा सायकल चालवणाऱ्याचे पाय लवकर बधिरतात, याला कारण आहे. चालताना पाऊल वाकतं, बोटं जमिनीला रेटा देतात. सायकलवर मात्र पोटरी आणि मांडी राबते, पाऊल कडक सोलवर जागच्या जागी दाबलेलं राहतं. त्यात थंडीत शरीर आधी छाती-पोट सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. वाराही सायकलस्वार स्वतःच तयार करतो. पारा उणे 10 असताना, हवा पडलेली असली तरी, ताशी 20 किलोमीटरच्या वेगात उघड्या कातडीला थंडी बोचते ती उणे 18 अंशांसारखी.

रेसिंगचा बूट उलटा करून पाहावा. बरोबर चवड्याखाली बूट पेडलला अडकवणारी धातूची क्लीट, तिचे स्क्रू, शेजारी हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोकं. उन्हाळ्यात सुखाची असलेली ही रचना हिवाळ्यात थंडीला थेट आत घेते. आतला सोल काढून भोकांवर टेप लावायची, वर लोकरीचा किंवा फेल्टचा सोल बसवायचा. इतकं केलं तरी फरक पडतो. बाहेरून निओप्रीनचं आवरण चढवलं की वारा अडतो. क्लीटचा हट्ट सोडून सपाट पेडल लावलं, तर पाऊल मागेपुढे सरकवता येतं आणि बूटही हवा तो घालता येतो. कडक थंडीत हाच उपाय सर्वांत खात्रीचा.

घोट्याकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून पावलात उतरतात. मोजा आणि पँट यांच्यामध्ये दोन बोटं फट राहिली, तर महागडा बूटही हतबल होतो. घामही तितकाच घातक, कारण पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. निघतानाच मोजे घालावेत, घरात ते घालून वावरू नये.

बुटात ठेवायच्या गरम पुड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यांतली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनने गंजते, तेव्हा ऊब निघते. घट्ट, बंद बुटात हवा पोचली नाही की पुडी विझते.

पुण्याहून रात्रभर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांना औलूची थंडी सोसायची नसते. पण डिसेंबरात 400 किलोमीटरसाठी 27 तासांची मुदत घेऊन निघालेल्यांना पहाटेच्या घाटउतारावर पाय गारठण्याचा तोच अनुभव येतो. पाय थांबलेले, वेग वाढलेला, मोजे चढावरच्या घामाने ओले. अशा वेळी माथ्यावरच मोजे बदलावेत, त्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवून बूट घालावा आणि लेस एक पीळ सैल ठेवावी. तरीही बोटं जाणवेनाशी झाली, तर उतरून पाच मिनिटं सायकल हातात धरून चालावं. वेळ जातो, पण पोटरीबरोबर पाऊलही कामाला लागतं.