हातची भेट

चेन्नई शहरात मरीना समुद्रकिनाऱ्याला लागून तिरुवल्लिकेणी नावाची जुनी वस्ती आहे. तिरु म्हणजे पवित्र, अल्ली म्हणजे कुमुद आणि केणी म्हणजे तळे. कुमुदांच्या पवित्र तळ्यावरून वस्तीला हे नाव पडले आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले. पार्थसारथीचे प्राचीन मंदिर येथे आहे. १७९५ मध्ये बांधलेली वालाजा मशीदही येथेच आहे. समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला गेले, की मैलापूरच्या बाजूस सांथोमच्या चर्चचा उंच पांढरा मनोरा दिसू लागतो. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच वस्तीत काढली. शक्तीची गीते रचणाऱ्या या कवीने येशूवरही कविता लिहिली आहे. निरनिराळ्या धर्मांचे सण एकमेकांच्या दारावरून जावेत, अशी ही वस्ती आहे.

दूरदूरच्या गावांहून पोटासाठी आलेली माणसे इथल्या अरुंद गल्ल्यांत राहतात. एकट्यादुकट्या नोकरदारांना भाड्याने खोल्या देणारी येथील ‘मॅन्शन’ प्रसिद्ध आहेत. महिन्याच्या पगारातून खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि गावी पाठवायची रक्कम वजा केली, की हातात फारसे काही उरत नाही. आणि अशा वेळी सण येतो.

सण आला, की गरीब माणसाला दोन चिंता असतात. पहिली घरात गोडधोड कसे होईल याची. ती सर्वांना दिसते आणि तिच्यावर उपायही निघतो. दुसरी चिंता मात्र सहसा बोलून दाखवली जात नाही. ती असते देण्याची. शेजाऱ्याने दिलेल्या ताटाची परतफेड कशाने करावी? मुलाच्या शिक्षिकेला काय द्यावे? आजारपणात रात्रभर जागलेल्या मैत्रिणीचे ऋण कसे फेडावे? दुकानातली वस्तू परवडत नाही आणि रिकाम्या हाताने जाववत नाही. मग माणूस जाणेच टाळतो. गरिबीमुळे माणसाला मिळत नाही, एवढे सगळेच जाणतात. पण गरिबीमुळे माणसाला देताही येत नाही, आणि नेहमी घेणाऱ्याच्याच जागी उभे राहावे लागते, हे दुःख अधिक खोल आहे.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्यातून नोकरीसाठी चेन्नईत आलेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब. तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या चाळवजा घरात दोन खोल्यांचा संसार. डिसेंबर महिना लागला आहे. बाजारात झगमगते तारे टांगलेले आहेत; पण त्या घरातल्या आईने बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि सुतळी एवढेच आणले आहे. मुलगी विचारते, “आई, आपला तारा विकतच्यासारखा दिसेल का गं?” आई म्हणते, “विकतच्यासारखा नाही दिसणार. आपल्यासारखा दिसेल.”

मग कामाला सुरुवात होते. पाच कामट्या एकमेकींत गुंफून पाच टोकांची एक चांदणी बांधायची. तशीच दुसरी करायची. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोके सुतळीने आवळायची. आतल्या बाजूस जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे पाच आखूड काड्या उभ्या अडकवल्या, की चपट्या चांदणीला पोट येते. मैदा पाण्यात शिजवून केलेल्या खळीने तिच्यावर कागद चिकटवायचा आणि आत छोटा दिवा सोडायचा. हे सारे काम दिवाळीच्या आकाशकंदिलाचेच आहे. ज्या हातांना एक येते, त्यांना दुसरे वेगळे शिकावे लागत नाही.

ताऱ्याखाली येशूजन्माचा देखावा मांडायचा असतो. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी आई रात्रभर भिजवलेली नाचणी एका पसरट ताटलीतल्या मातीत पेरते. सणाच्या दिवशी तिथे बोटभर हिरवळ उभी राहते. जुन्या खोक्याचा गोठा होतो, गवताची गव्हाण होते आणि मातीची मेंढरे त्या हिरवळीत चरू लागतात. गोव्यातही गोठ्याभोवती अशीच नाचणी उगवतात. शेजारच्या तमिळ मामी डोकावून पाहतात आणि त्यांना हसू येते. नवरात्रात त्यांच्या घरी पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्यांचा ‘कोलू’ मांडला जातो, तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी मुले अशीच मोहरी किंवा नाचणी उगवून बाग करतात. इकडे महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणारी मुले तरी दुसरे काय करतात? कोलूची बाग, शिवरायांचा किल्ला आणि बेथलेहेमचा गोठा, तिन्ही ठिकाणी मूठभर धान्य आणि लहान मुलांची वाट पाहण्याची शक्ती एवढेच भांडवल लागते.

गोठ्याचा देखावा मांडण्याच्या प्रथेमागेही एका गरिबाचीच आठवण आहे. इटलीतील असिसीचा संत फ्रान्सिस याने १२२३ मध्ये ग्रेच्चो या गावी गवताची गव्हाण, बैल आणि गाढव यांच्यासह ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा आपणहून निर्धन झाला होता. देव माणसांत आला तो किती साधेपणाने आला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या जन्मकथेत भेटी घेऊन येणारे ज्ञानी लोक आहेत. त्यांनी आणलेले सोने, ऊद आणि गंधरस सर्वांच्या लक्षात राहतात. पण बाळाच्या जन्माची वार्ता प्रथम ऐकली ती रानात रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांनी. त्यांनी काही भेट आणल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ते आले आणि त्यांनी बाळाला पाहिले, एवढेच सांगितले आहे. ज्या कापडात ते बाळ गुंडाळले होते तेही राजवाड्यातले नव्हते; आईने प्रवासात जवळ बाळगलेले बाळंते होते. पुढे हे बाळ सुतार म्हणून वाढले. ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी मुळाशी असे कष्टाचे हात आहेत. म्हणून हाताने केलेली वस्तू देताना ख्रिस्ती माणसाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यापो नगरातल्या टबीथा नावाच्या स्त्रीची कथा आहे. ती मरण पावली, तेव्हा पेत्र तिच्या घरी आला. माडीवर गावातल्या विधवा रडत उभ्या होत्या. टबीथा किती थोर होती, हे सांगायला त्यांना शब्द सापडले नाहीत. तिने हयात असताना आपल्यासाठी शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखवली. एखाद्या माणसाच्या आयुष्याची याहून खरी साक्ष कोणती असेल? पुढे पेत्राच्या प्रार्थनेने ती जिवंत झाली, असे कथा सांगते. श्रद्धावंताला तो चमत्कार मोलाचा वाटतो. परंतु त्याआधीचा, हातात कपडे घेऊन उभ्या असलेल्या विधवांचा क्षण कोणत्याही धर्माच्या माणसाला कळू शकतो.

पैशाने देणे आणि हाताने देणे यांत काय फरक असतो, याचे एक उदाहरण तमिळनाडूच्या मराठी इतिहासात आहे. तंजावरला भोसले घराण्याचे राज्य होते. तेथील राजपुत्र सरफोजी याच्या शिक्षणाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. राजवाड्यातल्या कलहापासून दूर राहावा म्हणून १७९३ मध्ये सरफोजीला मद्रासला आणण्यात आले आणि तेथे त्याचे शिक्षण चालू राहिले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ मरण पावला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. सरफोजी हिंदूच राहिला, पण गुरूचे ऋण तो विसरला नाही. इंग्लंडमधील नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याने संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले; मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजाने हातात घेतला आहे, असे दृश्य त्यावर कोरलेले आहे. पण राजा एवढ्यावर थांबला नाही. गुरूच्या समाधीच्या दगडासाठी त्याने इंग्रजीत काही ओळी स्वतः रचल्या. काव्य म्हणून त्या अगदी साध्या आहेत. संगमरवर राजाच्या खजिन्याने दिला. त्या साध्या ओळी मात्र शिष्याने दिल्या. खजिना सर्वांजवळ नसतो, पण दुसऱ्या प्रकारची भेट देण्याची ऐपत प्रत्येकाजवळ असते.

हाताने करण्यात देणाऱ्याचीही उभारणी होते, हे पंडिता रमाबाईंनी ओळखले होते. रमाबाईंनी दुष्काळ स्वतः भोगला होता. दक्षिणेत मद्रास इलाख्यात भटकंती करत असताना १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील अन्नान्न करीत गेले. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी तेथील निराधार स्त्रिया आणि मुली केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशन उभे केले. त्यांना केवळ जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. तिथे विणकाम, शिवणकाम, टोपल्या विणणे, शेती आणि छपाई शिकवली जाई. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले आणि छपाईच्या त्या कामात तिथल्या स्त्रियांचे हात होते. भाकरीसाठी हात पसरून आलेली बाई स्वतः काहीतरी करून दुसऱ्याच्या हाती ठेवू लागली, की तिची मान वर होते. रमाबाईंची श्रद्धा अशी कामातून प्रकट झाली.

अर्थात घरी केलेली प्रत्येक वस्तू चांगली भेट असते, असे नाही. घाईघाईने, केवळ पैसे वाचवण्यासाठी केलेली वस्तू घेणाऱ्याला तसे सांगतेच. काटकसर आणि कंजुषी या दोहोंत हात तितकाच आखडलेला दिसतो, पण मन वेगळे असते. कंजूष माणूस दुसऱ्याच्या वाट्याचे वाचवतो. काटकसर करणारा स्वतःच्या वाट्यातून दुसऱ्यासाठी बाजूला काढतो. शिवाय हातच्या वस्तूला काहीच खर्च येत नाही, हेही खरे नाही. तिला वेळ लागतो, डोळे लागतात, दिवसभराच्या कामानंतरची विश्रांती सोडावी लागते. बहुतेक घरांत हा खर्च आईच्या खात्यावर पडतो आणि तो कोणी मोजत नाही. म्हणून कामट्या बांधताना घरातल्या सर्वांचे हात लागले पाहिजेत. नाहीतर सणाचा आनंद सगळ्यांचा आणि कष्ट एकटीचे, असे होते.

चांगली भेट करण्यासाठी मुख्य भांडवल लागते ते लक्ष देण्याचे. कोणाला काय हवे आहे, हे ओळखणाऱ्याला वस्तू शोधत फिरावे लागत नाही. गल्लीत कोणाच्या घरी नुकतेच बाळ जन्मले असेल, तर आजीच्या मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे त्याच्यासाठी कोणत्याही नव्या कापडापेक्षा सुखाचे असते. म्हातारपणामुळे बारीक अक्षर वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला मोठ्या अक्षरांत लिहून दिलेल्या प्रार्थनेची वही पुरते. मॅन्शनमध्ये एकट्याने राहणाऱ्या तरुणाला घरच्या करंज्यांचा आणि चकल्यांचा डबा आपल्या गावाची आठवण देतो. गेल्या वर्षीच्या शुभेच्छापत्रांची चित्रे कापून नव्या कागदावर चिकटवली आणि खाली चार ओळी मनापासून लिहिल्या, तर ते पत्र जपून ठेवले जाते. नुकतेच लिहायला शिकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र असेल, तर त्याची किंमत कोण करणार?

बाजारातल्या वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते. ती काढून टाकली तरी घेणारा मनातल्या मनात अंदाज बांधतो आणि तेवढ्याच किमतीची वस्तू परत करण्याच्या विवंचनेत पडतो. हातच्या भेटीवर अशी चिठ्ठी नसते. ती घेणाऱ्याला ऋणात टाकत नाही. आपली कोणालातरी आठवण होती, एवढेच त्याला कळते. ख्रिस्ती माणूस ज्याला कृपा म्हणतो, तिचेही स्वरूप असेच आहे. ती विकत घेता येत नाही आणि फेडताही येत नाही. ती फक्त स्वीकारायची आणि पुढे द्यायची असते. कामटीला कागद चिकटवणारे, दुपट्याला धावदोरा घालणारे आणि करंजीला मुरड घालणारे हात नकळत हाच धडा गिरवत असतात. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही, असा माणूस या जगात नाही, एवढा विश्वास त्या हातांना एकदा आला, की सणाचे खरे काम झाले.