दम कुठं घ्यायचा

पियानोचा स्वर उमटतो आणि त्याच क्षणी उतरणीला लागतो. हातोडी तारेवर पडून मागे फिरली, की वाजवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. पट्टी दाबून धरता येते, स्वर फुलवता येत नाही. पियानोसाठी लिहिणारे हे मावळणं मनात धरूनच लिहितात. म्हणून ते संगीत दुसऱ्या वाद्यांसाठी बांधायला घेतलं, की आधी ठरवावं लागतं ते हे, की कुठला स्वर किती जगू द्यायचा आणि कुणाच्या जिवावर.

सध्या माझ्यापुढे शूमानचं ‘ट्रॉयमराय’ आहे. १८३८ साली त्याने लहानपणाच्या आठवणींवर १३ छोटे तुकडे लिहिले, त्यातला हा सातवा. बुऱ्हाणपुरात मला पियानो लागत नाही. पेटी आहे, व्हायोलिन आहे, आणि लग्नसराई ओसरली की मोकळी होणारी बँडची मंडळी आहेत: क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट, युफोनियम. एवढ्यांत हे बसवायचं, आणि तेही शेजारच्या पॉवरलूमची खडखड थांबेल तेव्हा.

पेटीने पहिली अडचण घातली. तिचा स्वर मावळत नाही. भात्यात हवा आहे तोवर तो तसाच उभा राहतो. पण डावा हात भात्यात गुंततो आणि पियानोच्या दोन हातांचं काम एका हातावर येतं. नाटकवाल्यांची पायपेटी असती तर दोन्ही हात सुटले असते. मी दोन पेट्या घेतल्या. एकीकडे खालचे सूर, दुसरीकडे मधले. वरची चाल व्हायोलिनला.

खरी कसोटी पेडलची. पियानोवादक पाय दाबतो आणि सुटे सुटे स्वर एकमेकांत झिरपतात. कागदावर त्याची एक खूण असते, बस्स. बुऱ्हाणपूरच्या माणसाला ते समजावायला कुंडी भंडारा पुरे. १६१५च्या सुमारास, खानखाना अब्दुल रहीम इथला सुभेदार असताना बांधलेली ती पाण्याची व्यवस्था. वर माळावर एकेक कुंडी वेगळी दिसते. खाली बोगद्यातून सातपुड्याचं पाणी सगळ्यांना जोडत गावाकडे येतं. पेडल म्हणजे ते खालचं पाणी. वाद्यवृंदात ते आपोआप वाहत नाही. कुणीतरी स्वर धरून बसायला हवा, आणि कुणी, किती मात्रा, हे मला लिहून द्यावं लागतं. मी ते मधल्या पेटीला आणि युफोनियमला दिलं. ऐकणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही जाणार नाही. पण ते दोघे थांबले तर चाल उघडी पडेल.

क्लॅरिनेटवाले चाचा पाश्चात्त्य स्वरलिपी वाचत नाहीत, सरगम वाचतात. त्यांच्या वाद्याचा मूळ सूर काळी पाच. ‘ट्रॉयमराय’ पांढरी चारमध्ये आहे, तेव्हा त्यांना बोटं पांढरी पाचची धरावी लागतात. काळी पाच, पांढरी चार, ही भाषाच मुळात पियानो-पेटीच्या पट्ट्यांची. ज्या वाद्याला पट्ट्या नाहीत त्यावरही आपण तीच बोलतो. चाचांनी चाल दोनदा गुणगुणली. मग विचारलं, “भाऊ, यात दम कुठं घ्यायचा?”

शूमानच्या कागदावर ती जागा नाही. पियानोवादकाला फुंकर मारायची नसते, त्याच्या सलग कमानीखाली आठ मात्रा असोत की सोळा. चाचांच्या छातीला जागा हवी, आणि ती कुठेही दिली तर वाक्य मधेच तुटतं. त्या संध्याकाळी आम्ही सुरांपेक्षा श्वासांवरच जास्त बोललो. शेवटी चाल दोघांत वाटली: चाचा श्वास घेतात तिथे सॅक्सोफोन आधीपासून त्याच सुरावर हळूच येऊन थांबलेला असतो.

हे काम या गावाला नवं नाही. १६व्या शतकात कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल इथल्या फारुकी दरबारी बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला राहिला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात त्याने राग १९ मेळांत बसवले आणि वीणेवर पडदे कुठे बांधायचे तेही सांगितलं. गळ्यातलं गाणं पडद्यांवर आणणं ही बांधणीच. पुढे भातखंड्यांनी तो ग्रंथ बारकाईने अभ्यासला. तापीच्या काठावर बसून कुणीतरी एका वाद्याच्या मापाने सूर मोजत होता, हे मला फार जवळचं वाटतं.

जगात या कामाचा मोठा दाखला राव्हेलचा. मुसॉर्गस्कीने १८७४ साली पियानोसाठी लिहिलेली ‘चित्रप्रदर्शन’ ही माला त्याने १९२२ साली वाद्यवृंदाला दिली. सुरुवातीची एकटी ओळ त्याने ट्रंपेटवर ठेवली, आणि जुन्या किल्ल्याच्या तुकड्यात चाल आल्टो सॅक्सोफोनला दिली. ही दोन्ही वाद्यं आमच्या बँडमध्ये आहेत. वरातीत ती जीव तोडून वाजतात म्हणून त्यांना हळू बोलता येत नाही, असं मानणाऱ्यांनी त्यांना कधी हळू बोलायला सांगितलेलं नसतं.

‘ट्रॉयमराय’च्या शेवटाआधी एक उंच पांढरी सहा येते, तिच्यावर थांबण्याची खूण आहे. पियानोवर तिथे थांबायचं म्हणजे स्वर विरताना ऐकत राहायचं. चाचा तोच स्वर वाढवू शकतात, आणि त्यांना वाढवायचा आहे. मी लिहिलं होतं, व्हायोलिनने धरावा आणि पेटीने भाता सैल सोडावा, म्हणजे पियानोसारखा विरेल. दोन्ही वाजवून पाहिलं. चाचांचा स्वर शूमानच्या कागदावर नाही, पण त्याच्या मनात नव्हता असं मला म्हणवत नाही. व्हायोलिनची ओळ खोडली आणि तिथे क्लॅरिनेट लिहिलं. आता त्याआधी त्यांच्यासाठी दीड मात्रेचा मोकळा श्वास काढायचा आहे. तो सॅक्सोफोनच्या ओळीतून काढावा लागेल, आणि त्यासाठी मागच्या चार ओळी पुन्हा बांधाव्या लागतील.