रस्त्याकडेचं झाड, कड्यावरचं नेचं

मुलांनो, नकाशा उघडा. हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेला एक ठिपका दिसेल, ते रॉड्रिग्ज बेट. आता आफ्रिका ओलांडून अटलांटिक महासागरात या. तिथला ठिपका म्हणजे असेन्शन बेट. या दोन बेटांवर दोन वनस्पती हरवल्या होत्या.

पहिली कॅफे मॅरॉन. कॉफीच्या कुळातलं हे छोटं झाड, फुलं चांदण्यांसारखी पांढरीशुभ्र. ते कायमचं नष्ट झालं, असंच सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास रॉड्रिग्जच्या एका शाळेत गुरुजींनी बेटावरच्या वनस्पतींचा पाठ घेतला. आणि काय गंमत! एक मुलगा चक्क या झाडाची डहाळी घेऊन आला. झाड होतं रस्त्याच्या कडेलाच, पण जगात ते एकच उरलेलं! बातमी पसरली आणि औषधी म्हणून लोक फांद्या तोडू लागले. शेवटी कुंपण घालावं लागलं.

दुसरं असेन्शनचं नेचं. कोथिंबिरीसारखी नाजूक पानं, उंची बोटभर. २००३ साली ते नष्ट झाल्याचं जाहीरही झालं. पण २००९ मध्ये ग्रीन माउंटन डोंगराच्या उभ्या उतारावर त्याची चार इवलीशी रोपं सापडली.

दोघांचेही नमुने लंडनच्या क्यू उद्यानात गेले. तिथे खरी गंमत झाली. नेच्याला ना फूल, ना बी. त्याचे धुळीसारखे बीजाणू चोवीस तासांत विमानाने पोचले आणि त्यांतून रोपं उगवली. झाडाच्या फांद्या मात्र १९८६ साली गेल्या, त्यांतली एक रुजली, फुलं बहरली, पण बी काही धरेना! कार्लोस माग्दालेना या माळीबुवांनी चिकाटी सोडली नाही. कितीतरी प्रयोगांनंतर २००३ साली बी धरलं. पुढे रोपं रॉड्रिग्जला परतली.

एक झाड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तरी कुणी ओळखलं नाही. एक नेचं कुणाच्या वाटेतच नव्हतं. एकाला ओळखणारी नजर लागली, दुसऱ्याला शोधणारे पाय.

मग उद्या शाळेत जाताना वाटेवरच्या निदान पाच झाडांची नावं सांगता येतात का, बघा बरं! नाही आली, तर आजीला विचारा.