थांबण्याची तयारी

मोटारीची स्तुती करावयाची झाली म्हणजे जो तो तिच्या धावण्याची करतो. गाडी घेऊ इच्छिणारा गृहस्थ 'पळते कशी?' असे विचारील, 'पेट्रोल किती पिते?' असे विचारील, रंगाविषयी घरातील मंडळींचे मत घेईल. परंतु 'थांबते कशी?' असे विचारणारा गिऱ्हाईक आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. थांबणे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते, आणि जे गृहीत धरले जाते त्याचीच संसारात हेळसांड होते. प्राचीनांची दृष्टी याबाबतीत अधिक चोखंदळ होती. कठोपनिषदातील रथाचे रूपक वाचकांस ठाऊक आहेच: शरीर हा रथ, बुद्धी सारथी, इंद्रिये घोडे आणि मन हा लगाम. त्या रूपकात चाकांचा उल्लेख नाही. लगामाचा मात्र आहे.

हा विचार आमच्या डोक्यात येण्यास आमचा भाचा कारण झाला. आमचे गाव शिरोडा. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाने आणि वि. स. खांडेकरांच्या अठरा वर्षांच्या अध्यापनाने त्याचे नाव महाराष्ट्रास परिचित झाले. मोटारींच्या शर्यतीशी त्याचा संबंध कोणी जोडलेला नाही. परंतु हा आमचा भाचा पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, आणि मिळालेल्या पगाराचा बराच भाग त्याच्या मोटारीच्या पोटात जातो. गेल्या चतुर्थीस तो गावी आला तो एक बेत मनात धरून. कोइमतूरजवळ एस. करिवर्धन यांच्या नावाने २००३ साली बांधलेला 'कारी मोटर स्पीडवे' नावाचा शर्यतीचा रस्ता आहे. लांबी सुमारे २ किलोमीटर, वळणे १४. अशा ठिकाणी काही ठरावीक दिवशी हौशी लोकांस शुल्क भरून स्वतःची गाडी पळविता येते. त्यास 'ट्रॅक डे' म्हणतात. तेथे पैज नसते, बक्षीस नसते. समोरून वाहन येत नाही, म्हैस आडवी येत नाही. आपली गाडी आणि आपण यांच्या अंगी काय आहे ते पाहावयाचे, एवढाच हेतू.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, त्यांस हा हेतू पटण्यासारखा नव्हता. त्यांनी तत्काळ दोन बंदोबस्त केले. आरवलीच्या वेतोबास नवस बोलल्या, आणि आम्हांस बजावले, "तू कॉलेजात शेकडो पोरांना आवरतोस, ह्या एकाला आवर!" देवाच्या जोडीने आमची नेमणूक झाली याचा अभिमान वाटावा की भय, हे आम्हांस ठरविता येईना.

उपदेश करण्यापूर्वी विषय समजून घ्यावा, या शिक्षकी सवयीने आम्ही भाच्याबरोबर गावातील मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. गाडी तीन वर्षांची. इंजिनचे ऑइल त्याने दर खेपेस न चुकता बदलले होते, टायर नवे होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, एका लहानशा डबीचे झाकण फिरविले, आत डोकावले आणि म्हणाले, "सर, ह्या ब्रेक ऑइल न्हय, ही चाय आसा." फिकट पिवळे असावयाचे ते तेल खरोखरच कोऱ्या चहासारखे काळसर दिसत होते.

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. ब्रेकवर पाय दाबला म्हणजे तो जोर चाकांपर्यंत पोचतो तो दांड्याने किंवा दोरीने नव्हे, तर बारीक नळ्यांत भरलेल्या या तेलाने. द्रव पदार्थ दाबून लहान होत नाही. म्हणून एका टोकास दिलेला दाब दुसऱ्या टोकास जसाच्या तसा उतरतो. परंतु या तेलास एक खोड आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, नळीच्या रबरातूनही शोषते. आमच्या गावात एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस मिठागरे, आणि वर चार महिने पाऊस. ओलाव्यास तोटा नाही. 'डॉट ४' नावाने मिळणारे तेल नवे असता किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात शंभर भागांस पावणेचार भाग पाणी मिसळले की ती हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात; आणि वाफ मात्र दाबली जाते. मग चालक पाय दाबतो, पेडल तळाला टेकते, आणि गाडी आपली चालतच राहते. अधिक वाईट गोष्ट ही, की थोडा वेळ थांबून सर्व थंड झाले म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्यास दोष सापडत नाही. विश्वासघात करून पुन्हा साळसूदपणे समोर उभे राहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. यंत्रातही तो गुण असू शकतो हे आम्हांस नवीन होते.

आता हे १५५ अंश येतात कोठून? ब्रेक गतीचा नाश करीत नाही. तो तिची उष्णता करतो. सावंतवाडीकरांच्या आणि आमच्या नित्य परिचयाचा आंबोलीचा घाट घ्या. वरून खाली सुमारे ६०० मीटरांचा उतार. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी केवळ ब्रेकवर तो उतरली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने २५ लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीस येईल. घरातील मंडळींच्या स्नानाचे पाणी जणू चार चाकांवर ठेवलेले असते! म्हणूनच जाणते ड्रायव्हर घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये घालतात आणि हा भार इंजिनावर सोपवितात. शर्यतीच्या रस्त्यावर मात्र हा हिशेब फारच घाईने होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारी १२०० किलोंची गाडी वळणापूर्वी ६० वर आणली, की दीड लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तीन-चार सेकंदांत निघते. असे सोळा वेळा केले म्हणजे आंबोली घाट उतरून झाला. आणि कोइमतुरास त्यास काही मिनिटेच पुरतात. दिवसभरात भाचा किती आंबोल्या उतरणार, याचा आम्ही मनात गुणाकार केला आणि तो अक्कांस न सांगण्याचे ठरविले.

मिस्त्रींनी चारही चाके काढली. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या. या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकावयाचा असतो. तो सरकेनासा झाला की आतील पॅड झिजत राहतो आणि बाहेरील तसाच राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास पॅड जाड दिसतो, आणि तो निश्चिंत होतो. पिना घासून, धुऊन, ब्रेकचेच म्हणून जे वेगळे ग्रीस मिळते ते लावून पुन्हा बसविल्या. डिस्कची जाडी मोजली. किती झिजेपर्यंत ती वापरावी हा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो, फक्त तो कोणी वाचीत नाही. जुने तेल काढून नवे भरले आणि एकेका चाकापाशी हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत भाचा पेडलवर पाय देत बसला. उष्णतेस टिकणारे वेगळे पॅडही त्याने मागविले होते. ते गारठलेले असता नीट धरीत नाहीत आणि कुरकुर फार करतात; परंतु तापल्यावर, जेथे साधे पॅड हात टेकतात, तेथे यांची खरी चाकरी सुरू होते. नव्या पॅडांस नव्या सुनेप्रमाणे घराची सवय करावी लागते. मोकळ्या रस्त्यावर गाडीचा वेग पुनःपुन्हा कमी करावयाचा, पण पूर्ण थांबावयाचे नाही; तापलेला पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर त्याचा थर डिस्कवर चिकटतो आणि मग पेडल थरथरू लागते. वेगात फिरून आल्यावरही एक फेरी सावकाश मारावी, डिस्कांस वारा लागू द्यावा, आणि गाडी उभी केली तरी हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवावी. "गाडी धावता ती सगळ्यांका दिसता, सर, थांबता ती कोण बघता?" असे मिस्त्री हात पुसत म्हणाले. हेच वाक्य एखाद्या इंग्रज निबंधकाराने लिहिले असते, तर आम्ही ते वर्गात फळ्यावर लिहिले असते.

या विद्येची परंपराही मोठी मनोरंजक आहे. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन गृहिणी पतीने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमास आपल्या माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरांचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानतात. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतील चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. आजच्या पॅडचा तो पूर्वज. पुढे १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाडीने जय मिळविला, त्याचे मोठे श्रेय तिच्या डिस्क ब्रेकांस दिले जाते. ज्याचा ब्रेक भरवशाचा तो वळणाच्या अधिक जवळ जाईपर्यंत वेगात राहू शकतो. ज्यास भरवसा नाही त्यास दुरूनच कचरावे लागते. तेव्हा ब्रेक हा वेगाचा वैरी नसून त्याचा जामीन आहे.

परंतु आमच्या मनावर ठसली ती गोष्ट निराळीच. भाच्याने सांगितले, "मामा, ट्रॅकवर ब्रेक भीत भीत, हळूहळू दाबत राहायचं नाही. एकदाच, वेळेवर, पूर्ण जोराने दाबायचा आणि सोडून द्यायचा. सतत अर्धवट दाबून ठेवला तर त्याला थंड व्हायला सवडच मिळत नाही." आम्ही चपापलो. घाटात जळक्या वासाची गाडी दिसते ती बहुधा भरधाव जाणाऱ्याची नसते. सारा उतार पाय ब्रेकवर ठेवून सावधपणे उतरणाऱ्याची असते. घरोघरी वडीलधारी मंडळी मुलांस आवरतात ती अशीच नव्हे काय? येऊ नको, जाऊ नको, तेथे पडशील, येथे भिजशील, असा रोजचा अर्धा दाब अष्टौप्रहर चालू असतो. त्याने मुलाचा वेग कमी होत नाहीच. आवरण्याची शक्ती मात्र तापून तापून निकामी होते, आणि खरोखर कडा समोर येतो त्या दिवशी आमचे 'नको' तळाला टेकते. त्यातील धार आम्हीच उडवून टाकलेली असते.

आम्ही अक्कांस त्याच रात्री सांगितले, "मी त्याला जाऊ नको म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली आहे: पेडल जरा जरी मऊ लागले तर त्या क्षणी गाडी बाहेर घ्यायची, पैसे फुकट गेले तरी चालतील." अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी विचारले, "आणि तो ऐकेल?" आम्ही म्हटले, "या वर्षात त्याला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट आहे, म्हणून ऐकेल."

भाचा गेला. दुपारी तिसऱ्या खेपेस पेडल किंचित मऊ लागले आणि तो खरोखरच बाहेर आला; उरलेला दिवस त्याने कठड्याशी उभे राहून इतरांच्या गाड्या पाहिल्या. ही हकीकत त्याने आपण होऊन फोनवर सांगितली. एरवीच्या वर्षभरात झिजले नसते इतके पॅड त्या अर्ध्या दिवसात झिजले होते.

दिवाळीस तो आला तेव्हा अक्कांचा नवस फेडावयाचा होता. वेतोबास चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहण्याचा प्रघात आहे. देव रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि त्याने वहाणा झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा. म्हणून नव्या द्यावयाच्या. राखण करणाऱ्याचे पायताण झिजावयाचेच, आणि ते वेळच्या वेळी बदलणे हे ज्याची राखण झाली त्याचे काम, या व्यवहारात आम्हांस मोठा शहाणपणा दिसला. त्या महिन्याच्या जमाखर्चात अक्कांनी वहाणांचा खर्च मांडला आणि त्याखालीच, कोणी न सांगता, नव्या पॅडांचा.