दोन रांजणांच्या मधली राख

कुकडी नदीला दोन रांजण आहेत. एक वर उगमाकडे, माणसाने घडवलेला. दुसरा पार खाली, नदीने स्वतःच घडवलेला. आणि तो एकटा नाही, मोजायला बसलात तर दिवस जाईल इतके आहेत. गाडी असेल तर दोन्ही ठिकाणं एका दिवसात बघून होतात. मी मात्र कुणाला घेऊन गेलो की मधे एक मुक्काम टाकतोच. मधे बघण्यासारखं बरंच आहे, आणि माझं आजोळही मधेच आहे, हे ओघाने आलंच.

वरचा रांजण नाणेघाटातला. जुन्नरहून घाटघरला जायचं, तिथून घाटाच्या तोंडाशी. अखंड दगडात कोरलेला हा रांजण कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीचा, असं सगळेच सांगतात. नाण्यांनी भरला की दिवसाची वसुली झाली! खरं असो वा नसो, गोष्ट झकास आहे. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली त्याचे आकडे त्यात कोरलेत. थोडक्यात, इकडे जमा आणि तिकडे खर्च. दोन्ही दगडात.

मला तिथे जास्त ओढ असते ती कड्याच्या टोकाची. पावसाळ्यात त्या टोकावर उभं राहावं (वारा उभं राहू देईल तर! इथला धबधबा वाऱ्याने उलटा वर उडतो). तुमच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्रात जाणार. पूर्वेला पडलेला कुकडीत, कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात. दोन थेंबांत अंतर असतं फार तर हातभर. लहानपणी मामाने हे सांगितलं तेव्हा मी एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून बराच वेळ उभा होतो.

समोरचा जीवधन बघितला की खडकाच्या आडव्या पट्ट्या दिसतात. एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट आले, थिजले, त्यांच्यावर पुढचे आले. असे थरावर थर. या खडकाला भूशास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतला जिना. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तो एक अजस्र जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवर आपले किल्ले, देवळं, वाड्या बसल्या आहेत.

आता एकदम खालच्या रांजणांकडे.

पारनेर तालुक्यातल्या निघोजला नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टचं एक लांबच लांब फरसबंद आहे आणि त्यात हे रांजणखळगे. गावचे लोक त्या जागेला 'कुंड' म्हणतात. काठावर मळगंगेचं देऊळ. आशियातले सगळ्यात मोठे, गिनीज बुकात नोंद वगैरे तिथे कुणी ना कुणी सांगतंच. मी त्या भानगडीत पडत नाही. खळगे कसे झाले ते मात्र सांगण्यासारखं आहे. खडकात कुठेतरी भेग असते, किंवा मऊ जागा. पुराचं पाणी तिथे भोवरा करतं. भोवऱ्यात एखादा गोटा सापडला की तो गरगर फिरत राहतो आणि खाली खडक कातत जातो. गोटा झिजून संपला की पुढचा पूर दुसरा आणून टाकतो. खळगा खोल होतो, पोटात रुंद होतो, शेजारच्या खळग्याला जाऊन भिडतो, मधली भिंत कोसळते, आणि अशी कोसळत कोसळत अख्खी घळ तयार होते. उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या खळग्यात डोकावलात तर तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात. गुळगुळीत, काम अर्धवट टाकून जेवायला गेलेल्या गवंड्याच्या अवजारांसारखे.

आता वर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं झाली आहेत. म्हणजे गोटे कधी फिरणार हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवरही ठरतं. लाखो वर्षं चाललेल्या कामाला आता पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक आहे!

असो. मला सांगायचं होतं ते या दोन रांजणांच्या मधलं.

मधे बोरी आहे. जुन्नर तालुक्यातलं, कुकडीच्या काठचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात इथे नदीच्या गाळाच्या थरात अश्मयुगीन हत्यारं आणि ज्वालामुखीची राख शोधली. लाव्हाच्या प्रदेशात राख निघाली यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे, की ही राख आपल्या लाव्हाची नाहीच. ती कोट्यवधी वर्षांनी नंतरची, आणि जगातल्या बऱ्याच अभ्यासकांच्या मते तीन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे. ती वाऱ्याबरोबर इथवर आली, जमिनीवर बसली, पावसाने धुऊन नदीने सखल जागी गोळा केली. तिचं वय किती यावर मात्र जोरदार वाद झाला. आधी निघालं 14 लाख वर्षं, मग दुसऱ्या पद्धतीने 6 लाख 70 हजार, मग काचेच्या कणांचं रसायन टोबाच्या शेवटच्या महास्फोटाशी जुळवून 75 हजार. कुणी म्हणतं टोबाचीच, पण त्याच्या आधीच्या एखाद्या स्फोटाची. हा नुसता पंडितांचा खेळ नाही. राखेचं वय ठरलं की हत्यारं करणाऱ्या माणसांचं वय ठरायला मदत होते. कुकडीकाठी माणूस कधीपासून आहे, हा प्रश्न त्या भुरकट पट्ट्यात अडकून पडला आहे.

असाच एक पट्टा मामाच्या रानात होता. बोरीपासून फार लांब नाही. नदीकडे उतरणाऱ्या ओघळीत, काळ्या मातीच्या आणि पिवळ्या गाळाच्या मधे, मळक्या पांढऱ्या रंगाचा. चिमटीत धरला तर पिठासारखा, दाताखाली आला तर कचकच. आजी त्याला राखुंडी म्हणायची आणि त्याने भांडी घासायची. पितळ असं काही लखलखायचं! पुढे वाचनात आलं, की आंध्रातल्या ज्वालापुरमला टोबाचीच राख खणून भांडी घासायच्या पावडरीसाठी नेत होते, तेव्हा आजीची आठवण येऊन हसू आलं. ज्वालामुखीची राख म्हणजे सूक्ष्म काच. घासणारच.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाने ठरवलं की ओघळ बुजवून रान सपाट करायचं. कांद्याला. जेसीबीवाल्याशी तासावर बोलणं झालं होतं. मी गेलो तेव्हा खुणेच्या काठ्या रोवून झाल्या होत्या. मी मामाला म्हटलं, "मामा, एवढा पट्टा ठेवता नाही का येणार?"

मामा तंबाखू मळत होता. "का रं? काय हाय त्यात?"

मी सुमात्रा सांगितलं, टोबा सांगितला, हत्यारं सांगितली. मामाने सगळं नीट ऐकून घेतलं. तो ऐकतो, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, "म्हंजी लय लांबून आलीया. बरं. पण ती पाणी धरती का? तिथं गवताची काडी उगवत न्हाई. पंचवीस वरसं मी त्या तुकड्याचा सारा भरतोय."

मामेभाऊ मधेच म्हणाला, "दादा, नाणेघाटाला सरकारनं बोर्ड लावलाय. इथं कोण लावणार?"

त्याचं बरोबर होतं. नाणेघाटाचं लेणं आणि लेख पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. तिथे कुणी छिन्नी चालवली तर गुन्हा. माणसाने कोरलेल्या दगडाला कायदा आहे. नदीने कोरलेल्याला, वाऱ्याने आणून टाकलेल्याला फारसा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही जागांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर करतं, आपलं लोणार त्यात आहे. पण स्मारक म्हणणं वेगळं आणि राखणं वेगळं. 2022 च्या डिसेंबरात केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी एका विधेयकाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी मांडला (खाण मंत्रालयानेच, ही गंमत आहे खरी). त्यात अशा जागांची जमीन संपादन करण्याचीही सोय होती. हे मी मोठ्या उत्साहाने मामाला सांगायला गेलो आणि 'संपादन' म्हणताक्षणी ओसरीवर शांतता पसरली. आजोळच्या भावकीतली निम्मी जमीन एका धरणात गेलेली. त्या पैशांचे हेलपाटे मामाच्या वडिलांनी मरेपर्यंत घातले. मामी आतून म्हणाली, "त्या परास जेसीबी बरा."

रात्री अंगणात पडलो तरी डोक्यातून ते जाईना. शहरातल्या माणसाने वर्षातून दोनदा यायचं, ओघळीत उतरून हरखून जायचं, फोटो काढायचे आणि परत जायचं. राखणाचा खर्च मात्र कुणी करायचा, तर ज्याच्या सातबाऱ्यावर ती ओघळ आहे त्याने. अर्धा एकर कांदा म्हणजे मुलीच्या एका वर्षाच्या कॉलेजची फी. टोबा कितीही थोर असला तरी फी भरत नाही. तरी मला असंही वाटत होतं, आणि अजून वाटतं, की कांदा पुढल्या वर्षी दुसरीकडे लावता येईल. तो पट्टा एकदा गेला की गेला.

सकाळी मामेभाऊ स्वतःच म्हणाला, "दादा, चला दाखवा, कुठून कुठपर्यंत." आम्ही टेप घेऊन उतरलो. जिथे थर सगळ्यात जाड तिथे तो दोन फूट चार इंच भरला. टेप उभा धरून मी फोटो काढले, वर काय आहे, खाली काय आहे, ते वहीत लिहून घेतलं. मग त्याने ओघळीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली, आठ-दहा फूट भिंत आखून दिली. "तिथं बकेट वळत न्हाई तसंबी," म्हणाला. करंज आजोबांनी लावलेला आहे, त्यामुळे तो तोडायचा प्रश्न नव्हता. म्हणजे राखेला संरक्षण मिळालं ते करंजामुळे.

बाकीचं रान मे महिन्यात सपाट झालं. कांदा बरा येतो म्हणतात; भावाचं विचारू नका. भिंतीचा वरचा कोपरा पहिल्याच पावसात थोडा ढासळला, तिथे मामाने काटेरी फांद्या लावल्या आहेत, शेरडं चढू नयेत म्हणून.

मामीने जेसीबी यायच्या आदल्या दिवशी काही न बोलता दोन डबे भरून राखुंडी घरात आणून ठेवली होती. दिवाळीला गेलो तेव्हा समई समोर ठेवून मला म्हणाली, "बघ. त्या साबणानं अशी निघती का?"