दोन तक्रारी, दोन घड्याळे

सरकारी कार्यालय असो की खाजगी कंपनी, एक वाक्य सगळीकडे ऐकू येते : "आमच्याकडे जात कोणी पाहत नाही." हे वाक्य खरे की खोटे, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. आपल्या माणसाने केलेली तक्रार किती दिवसांत निकाली निघाली आणि आपल्या माणसाविरुद्ध आलेली तक्रार किती दिवसांत निकाली निघाली, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. मग कोणाचे भाषण ऐकण्याची गरज उरत नाही.

आम्ही काही कर्मचारी गेली काही वर्षे रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकमेकांचे कार्यालयीन कागद वाचत बसतो. कोणाला कारणे दाखवा नोटीस आलेली असते, कोणाचा गोपनीय अहवाल बिघडवलेला असतो, कोणाचा अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो. आमच्यात वकील कोणी नाही. पण इतके कागद पाहिल्यावर अन्यायाचे हस्ताक्षर ओळखू येऊ लागते.

आमच्यातल्या एका ताईंचे प्रकरण घ्या. त्यांचे शाखाप्रमुख भर कार्यालयात म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांना एवढेच जमते." असे ते पहिल्यांदा बोलले नव्हते. ताईंनी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्या चौघांची नावे लिहून अर्ज दिला, पोच घेतली. चौकशी कोणाकडे गेली? ज्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल तेच शाखाप्रमुख लिहितात, त्याच्याकडे! चारही साक्षीदारांपैकी एकाचाही लेखी जबाब झाला नाही. आठ महिन्यांनी पत्र आले : सदर प्रकार परस्पर गैरसमजातून घडल्याचे दिसून येते, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. पुढच्या पंधरा दिवसांत ताईंची बदली झाली, प्रशासकीय कारणास्तव.

त्याच कार्यालयात आमच्याच एका दादांविरुद्ध "उर्मटपणे बोलले" अशी तक्रार झाली होती. चौथ्या दिवशी नोटीस, दोन आठवड्यांत पाच जणांचे जबाब आणि महिनाअखेरीस वेतनवाढ रोखल्याचा आदेश. म्हणजे यंत्रणेला चौकशी करता येते, जबाब घेता येतात, मुदतही पाळता येते. फक्त कोणासाठी पाळायची, हे आधी ठरलेले असते. आपली तक्रार आली की तो गैरसमज होतो, त्यांची आली की शिस्तभंग!

हे नवे नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकत. राहायला जागा मिळेना. गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले, तेथून दिवाणांकडे आले आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. तक्रार वर पोहोचली होती. ती खाली येऊन मेली. आजही तक्रारी अशाच मरतात.

म्हणूनच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली झालेला स्थायी आदेशांचा कायदा आपल्या तरुणांनी वाचायला हवा. कारखान्यात गैरवर्तन कशाला म्हणायचे, हे मालकाने लेखी जाहीर करायचे. त्याच यादीत दुसरेही कलम होते : मालकाकडून अन्यायाची वागणूक मिळाली तर कामगाराने दाद कशी मागायची, हेही लेखी असले पाहिजे. शिस्त आणि दाद एकाच कागदावर! आपली मागणी यापेक्षा वेगळी काय आहे?

आणि ज्या कायद्याची पोस्टरे आज कंपन्यांच्या भिंतींवर दिसतात, त्याच्या मुळाशी कोण आहे? राजस्थानातील भटेरी गावच्या भँवरीदेवी, कुंभार समाजातल्या, शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह रोखण्याचे नेमून दिलेले काम केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. एका बहुजन बाईच्या नोकरीतून देशातल्या सगळ्या नोकरदार स्त्रियांना संरक्षण मिळाले. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

कार्यालयातला एक शेरा किती दूर जातो, हे २०१८ साली सगळ्या देशाने पाहिले. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे लिहिले गेले. त्याने २००६ साली गुन्हा नोंदवला. अधिकाऱ्यांवर खटला भरायला वरिष्ठांनी परवानगी नाकारली, म्हणून त्याने त्या वरिष्ठांविरुद्धही तक्रार केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० मार्च २०१८ च्या निकालाने अॅट्रॉसिटी कायद्याची धारच बोथट केली : आधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी परवानगी. २ एप्रिलला भारत बंद झाला, आपल्या माणसांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणले, २०१९ साली न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि २०२० साली १८-अ वैध ठरले. तेव्हा "ऑफिसातले किरकोळ प्रकरण" असे म्हणणाऱ्याला विचारावे, किरकोळ कोणासाठी?

तरुण मित्र आम्हाला विचारतात, ताईंनी सरळ अॅट्रॉसिटी का लावली नाही? तो हक्क ताईंचा आहे, तो दरवाजा त्यांनी बंद केलेला नाही. पण त्या कायद्यातल्या अपमानाच्या कलमाला हेतू लागतो आणि अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद केबिनमधला शब्द कितीही जळजळीत असो, न्यायालयात तो टिकवणे अवघड जाते. म्हणून पोलीस ठाण्यात जायचे असो वा नसो, कागद पहिल्या दिवसापासून पक्का हवा.

ताईंच्या बाबतीत आम्ही तेच केले. आधी अर्ज करून आणि मग माहिती अधिकारात चौकशी अहवालाची प्रत मागितली. अहवाल दोन पानांचा निघाला, साक्षीदारांचा रकाना कोरा. मग वरिष्ठ कार्यालयाकडे दाद मागितली. त्यात भावनेची भाषा ठेवली नाही, तीनच मुद्दे ठेवले : चौकशी अधिकारी हाताखालचा होता, नावे देऊनही साक्षीदार तपासले नाहीत, तक्रारीनंतर पंधरा दिवसांत तक्रारदाराची बदली झाली. सोबत दादांच्या प्रकरणाच्या तारखा जोडल्या. त्या तारखांना कोणाकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या कार्यालयाच्या अधिकाऱ्याकडून फेरचौकशी झाली. चौघांपैकी दोघांनी खरे सांगितले, दोघांना काही आठवेना. शाखाप्रमुखांना लेखी ताकीद मिळाली, बदली रद्द झाली.

याला आम्ही विजय म्हणत नाही. ताईंचे सव्वा वर्ष गेले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डब्याला सोबत बसणाऱ्या बायका दूर झाल्या. पण "गैरसमज" हा शब्द त्या फाइलवरून पुसला गेला, आणि आता त्या कार्यालयात बोलण्याआधी लोक विचार करतात.

यातून जे शिकलो ते सांगतो. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, प्रत घरी ठेवा. "प्रेमाने मिटवून टाका" असे सांगितले तर तोच सल्ला लेखी मागा, तो सहसा लिहून मिळत नाही. चौकशी करणारा आरोपीच्या हाताखालचा किंवा मर्जीतला असेल तर पहिल्याच दिवशी लेखी हरकत घ्या. अहवाल विरोधात गेल्यावर घेतलेल्या हरकतीला वजन राहत नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर तीन महिन्यांची मुदत लक्षात ठेवा, समितीत बाहेरची सदस्य आहे का ते पाहा. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होऊ शकतो, साहेबांना वाटले म्हणून नाही. तक्रारीचा सूड गोपनीय अहवालात निघतो, हे ध्यानात असू द्या. सरकारी नोकरीत प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त प्रकरणात सांगितले आहे. तो मागून घ्या, उत्तर द्या. सरकारी ठिकाणी हक्क नाकारला जात असेल तर अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते. त्याला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

शेवटचा मुद्दा आपल्यातल्याच काहींना रुचणार नाही. शाखाप्रमुखाला चौकशीविना निलंबित करा, अशी मागणी आमच्यातल्या काहींनी केली होती. आम्ही ती मान्य केली नाही. खातेनिहाय चौकशीच्या पिंजऱ्यात सर्वांत जास्त कोण उभे केले जाते, हे आम्ही दर रविवारी पाहतो. आरोप लेखी मिळावा, साक्षीदाराला प्रश्न विचारता यावेत, अहवालाची प्रत मिळावी, हे हक्क आपल्या दादांना हवेत तर ते शाखाप्रमुखालाही द्यावे लागतील. आज नियम मोडून त्यांना शिक्षा झाली, तर उद्या त्याच मोडलेल्या नियमाने आपला माणूस घरी जाईल. आम्हाला त्यांच्यासाठी वेगळे घड्याळ नको आहे. कार्यालयात एकच घड्याळ हवे, आणि ते सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर हवे.

म्हणून आपल्या विहारात, आपल्या संघटनेत, वस्तीच्या अभ्यासिकेत एक दिवस कागद वाचण्यासाठी ठेवा. जयंतीची वर्गणी जशी गोळा करतो तशी दोन तास वेळ देणारी चार माणसे गोळा करा. एकट्याने दिलेला अर्ज दाबला जातो. ज्या अर्जामागे चार माणसे तारखा मोजत बसलेली आहेत, तो दाबणे जड जाते.

जय भीम!