टूथपेस्ट आणि बाबांची वेळ

घड्याळाची काच टूथपेस्टनं घासायची, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल? हसाल! मीही हसले. पण मध्यंतरी माझे सलग दोन संडे यातच गेले. मॉल नाही, मूव्ही नाही. मांडीवर जुना टॉवेल आणि हातात घड्याळ.

सगळ्याच काचांना हे जमत नाही बरं का. आजच्या बहुतेक घड्याळांवर खरी काच असते, महागड्यांवर सफायर. त्यांच्यावर टूथपेस्टचा ढिम्म परिणाम होत नाही. जुन्या एचएमटीवर मात्र अॅक्रिलिक, म्हणजे चक्क प्लॅस्टिक! नखानं टिचकी मारा. काच टणकन वाजते, अॅक्रिलिक बद्द. ते सहसा फुटत नाही, पण चरे लगेच पडतात.

माझ्या हातातलं घड्याळ बाबांचं. एचएमटी जनता, रोज चावी द्यायची. १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं सुरू झाली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं हा कारखाना बंद करायला मंजुरी दिली. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक. ३० वर्षं याच घड्याळात बघून त्यांनी गाड्या सोडल्या. रिटायर झाले आणि घड्याळ कपाटात गेलं. का, विचारलं तर म्हणाले, ‘‘अगं, आता कुठली गाडी सोडायचीय मला?’’

टोचलंच ते. आपण दिवसभर डेडलाइनच्या नावानं बोटं मोडतो, आणि इथे एका माणसाला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, नवी काच टाका, स्वस्तात होईल. पण त्या काचेवर बाबांची ३० वर्षं होती ना!

तर रेसिपी अशी : पट्टा काढा. कडेच्या धातूवर चिकटपट्टी लावा. साधी पांढरी पेस्ट घ्या, जेल नको. पितळेचं मेटल पॉलिशही चालतं. मऊ सुती कापडावर थेंबभर घेऊन हलक्या हातानं गोल गोल घासा. पाच मिनिटांनी पुसा, बघा, पुन्हा घासा. चरा खोल असेल, तर आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर किंचित ओला करून फिरवा. काच धुरकट होईल, पण घाबरू नका, पेस्टनं ती पुन्हा उजळते. घड्याळ नळाखाली मात्र धरू नका. आणि काचेला तडा गेला असेल, तर सरळ बदला.

गंमत म्हणजे यात चरा भरून येत नाही. आजूबाजूचं प्लॅस्टिक झिजवत आपण चऱ्याच्या तळाशी पोचतो. म्हणजे दर वेळी काच थोडी पातळ होते. म्हणून काय पुसायचं, ते ठरवावं लागतं.

ते ठरवलं बाबांनी. घासण्याचा आवाज ऐकून शेजारी येऊन बसले. ‘‘हा चारच्या आकड्याजवळचा राहू दे. गणपतीत कोकणच्या जादा गाड्या सोडताना खिडकीच्या गजावर आपटलं होतं.’’ मग त्या रात्रीची सगळी गोष्ट निघाली. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो चरा ठेवलाय. बाकी काच लख्ख. घड्याळ पुन्हा मनगटावर आलंय. सकाळी सातला बाबा चावी देतात आणि माझं पांघरूण ओढतात, ‘‘उठ, लेख कधी द्यायचाय?’’

सोडायला एक गाडी मिळालीय त्यांना. मी!